फॉरवर्ड एक सांगतंय, रिव्हर्स भलतंच, ग्रुप काय लिहू? (नाशिक, जरा अर्जंट)

लॅबवाली_नाशिक

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डीएमएलटी होऊन दोन वर्षं झालीत, आमच्याकडे छोटं ब्लड स्टोरेज पण आहे आणि नाईटला मी एकटीच असते. आज पहाटेपासून एका सॅम्पलनं अगदी हैराण केलंय, कोणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.

पेशंट निफाडकडच्या एक मावशी आहेत, वय ६४, ओट्यावरून पाय घसरून खुब्याचं हाड मोडलंय, उद्या सकाळी ऑपरेशन आणि दोन पिशव्या राखून ठेवायला सांगितल्यात. सॅम्पल पहाटे साडेपाचला घेतलं. फॉरवर्डला (पेशंटच्या पेशी आणि बाटलीतली अँटिबॉडी, म्हणजे अँटिसिरा) अँटी-ए ४+, अँटी-डी ४+ (० म्हणजे गुठळी नाही, ४+ म्हणजे एक घट्ट गुठळी), इथपर्यंत काही नाही, पण अँटी-बीच्या ट्यूबमध्ये पण बारीक दाणे येतायत, १+ म्हणावं का नाही असे. मग रिव्हर्स (पेशंटचं सीरम आणि माहितीच्या ग्रुपच्या पेशी) लावलं तर ए सेल्स १+, बी सेल्स ४+ आणि ओ सेल्स २+!! म्हणजे फॉरवर्डवरून एबीसारखं वाटतं, रिव्हर्सवरून ओसारखं, आणि घरच्यांनी आणलेल्या कार्डावर ए पॉझिटिव्ह आहे, गावातल्या कुठल्याशा शिबिरात काढलेलं. एका बाईचे तीन ग्रुप कसे असतील?

दोनदा रिपीट केलं, अँटिसिराची एक्सपायरी बघितली, दुसऱ्या लॉटची बाटली उघडून बघितली, तेच येतंय. मुलगा सारखा काउंटरला येतो, ताई कार्डावर लिहिलंय की, मग इतका वेळ का लागतोय म्हणून. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पण सांगितलं की कार्डावर ए आहे, तुझा पण ए ४+ आलाय, ए लिहून टाक. माझा हात होत नाहीये. सीनियर सर गावाला गेलेत, फोन लागत नाही. काय करू?

गोदाकाठ

ओ सेल्स पॉझिटिव्ह आले म्हणजे बॉम्बे ब्लड ग्रुप असणार ताई! आमच्या कॉलेजात शिकवलेलं. लगेच मुंबईला फोन करा, फार रेअर असतो, उशीर करू नका.

जुना_टेक्निशियन

ताई, आधी एक सांगतो, हात थांबला ते फार बरं झालं. मी २८ वर्षं ब्लड बँकेत काढली, आता रिटायर आहे. फॉरवर्ड आणि रिव्हर्स जुळल्याशिवाय ग्रुप लिहायचा नाही, मग समोर कार्ड असो का कोणाचा शब्द असो. शिबिरातलं कार्ड बहुतेक वेळा स्लाईडवर दोन थेंब टाकून काढलेलं असतं, रिव्हर्स केलेलंच नसतं, त्यामुळे ते माहिती म्हणून वहीत लिहून ठेवायचं, पुरावा म्हणून धरायचं नाही.

गोदाकाठ, बॉम्बे आठवला ते चांगलंच आहे पण इथे तो बसत नाही. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत तो पहिल्यांदा दाखवला, त्यात पेशीवर एच अँटिजेनच नसतं, आणि एचवरच ए नाहीतर बी चढतं, म्हणजे पायाच नाही तर भिंत कुठून उभी राहणार. म्हणून बॉम्बेवाल्याचा फॉरवर्ड एकदम ओसारखा येतो, अँटी-ए ०, अँटी-बी ०, आणि रिव्हर्सला ए, बी, ओ तिन्ही सेल्स दणकून ४+ येतात, ऑटो कंट्रोल मात्र स्वच्छ. या मावशींचा अँटी-ए ४+ आहे, म्हणजे ए आहे आणि एच पण आहे. बॉम्बे कटाप.

आता ताई मला चार गोष्टी सांगा, त्याशिवाय पुढे बोलता येणार नाही. ऑटो कंट्रोल लावला का, म्हणजे पेशंटचंच सीरम आणि पेशंटच्याच पेशी? लॅबमध्ये थंडी किती आहे? सीबीसी झाला असेल तर त्यातले आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या), एमसीव्ही (पेशीचा आकार) आणि एमसीएचसी (पेशीतलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) किती आले? आणि मावशींना गेल्या महिना-दीड महिन्यात खोकला, ताप, न्यूमोनिया असलं काही झालं होतं का, कधी रक्त चढवलंय का? ही शेवटची चौकशी मुलाकडे करा, केसपेपरवर असलं काही लिहिलेलं नसतं.

लॅबवाली_नाशिक

सर खूप धन्यवाद, लगेच बघून आले. ऑटो कंट्रोल लावलाच नव्हता (चुकलंच माझं), आत्ता लावला, १+ आलाय. डीसाठीचा कंट्रोल पण लावला, त्यात पण किंचित दाणे दिसतायत.

लॅबमध्ये भिंतीवरचं थर्मामीटर १५ दाखवतंय. खिडकीची एक काच महिनाभर तुटलेली आहे, पुठ्ठा लावलाय, आणि सॅम्पलचा रॅक त्याच खिडकीत असतो. सध्या पहाटे इथे काय गारठा असतो नाशिककरांना सांगायला नको, मावशींच्या निफाडला तर पारा एक आकडी झालाय.

सीबीसी: हिमोग्लोबिन १०.४, आरबीसी २.३, एमसीव्ही १०६, एमसीएचसी ४२.६. मशीननं फ्लॅग दिला होता, मला वाटलं सॅम्पल नीट मिक्स झालं नसेल म्हणून बाजूला ठेवलेलं.

मुलगा म्हणतो दिवाळीनंतर तीन आठवडे खोकला होता, छातीचा एक्सरे काढला होता, डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितलेला, गोळ्यांवर बरं झालं. रक्त कधीच चढवलं नाही.

जुना_टेक्निशियन

मग आता उलगडलं बरंचसं. एमसीएचसी ४२ खरा असूच शकत नाही ताई, लाल पेशीत एवढं हिमोग्लोबिन मावतच नाही. पेशी एकमेकींना चिकटून मशीनमधून जातायत, मशीन दोन-तीन पेशींना एक मोजतंय म्हणून काउंट कमी आणि एमसीव्ही मोठा, हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून मोजतात म्हणून तेवढं बरोबर येतं. तुमचा ग्रुपिंगचा घोळ आणि हा सीबीसीचा घोळ एकच आहे. मशीननं तुमच्या आधी पकडला होता.

हे कोल्ड ऑटोअँटिबॉडीचं काम दिसतंय. थंडीत चालणारी आयजीएम (मोठ्या आकाराची, पेशी थेट गोळा करणारी) अँटिबॉडी, मोठ्या माणसाच्या जवळपास सगळ्यांच्याच पेशीवर असलेल्या आय अँटिजेनवर बसते, स्वतःच्या पेशी पण सोडत नाही. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूच्या न्यूमोनियानंतर बऱ्याचदा दिसते. पेशी आधीच एकमेकींना धरून बसलेल्या, मग अँटी-बी टाका का डीचा कंट्रोल टाका, ट्यूबमध्ये दाणे दिसणारच. आणि रिव्हर्सला ए आणि ओ सेल्स पॉझिटिव्ह का, तर त्या पण मोठ्या माणसाच्याच आहेत, त्यांच्यावर आय आहे. तुमच्याकडे ओ जास्त आणि ए कमी आलंय ते पण मला लक्षात घेण्यासारखं वाटतं. ओ पेशीवर एच सगळ्यात जास्त असतं आणि ए१ वर कमी, त्यामुळे ही अँटिबॉडी आय आणि एच दोन्ही मिळून बघणारी असू शकते. एखाद्या बाळाच्या नाळेचं ओ ग्रुपचं रक्त मिळालं तर त्या पेशी लावून बघा, त्यांच्यावर आय नसल्यासारखंच असतं, तिथे रिॲक्शन गायब झाली तर पक्कं.

पण एक गोष्ट आधी काढून टाका, रोलो. त्यात पण ऑटो कंट्रोल पॉझिटिव्ह दिसतो. मायलोमात (रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये) किंवा प्रोटीन वाढलं की पेशी चवड लावल्यासारख्या उभ्या राहतात, मायक्रोस्कोपखाली नाण्यांची चवडच दिसते. ट्यूब सेंट्रिफ्यूज करा, वरचं सीरम काढून टाका, तेवढेच थेंब सलाईन घाला आणि हलक्या हातानं हलवा. चवड असेल तर सुटते, खरी गुठळी असेल तर तशीच राहते. हे फक्त रिव्हर्सच्या ट्यूबसाठी.

ट्रान्सफ्युजन_मेडिसिन_डॉक्टर

दादांनी अगदी बरोबर वाट दाखवली आहे, थोडं पुढचं मी लिहिते.

सगळ्यात आधी ताजं सॅम्पल घ्या, आणि घेताना मावशींनाच नाव विचारा, चिठ्ठी बेडजवळच लावा. ग्रुप न जुळण्याचं एक साधं कारण चुकीच्या माणसाचं रक्त ट्यूबमध्ये असणं हे पण असतं, आणि पहाटे साडेपाचला ते कोणाच्याही हातून होऊ शकतं. ट्यूब गरम ठेवून आणा, थर्मासमध्ये ३७ अंशाचं पाणी घालून त्यात ट्यूब ठेवली तरी चालतं. सीरम पण गरम असतानाच वेगळं करायचं.

फॉरवर्डसाठी ईडीटीएचं (रक्त गोठू न देणाऱ्या ट्यूबमधलं) सॅम्पल वॉटर बाथमध्ये १०-१५ मिनिटं ठेवा, मग पेशी ३७ अंशाच्या गरम सलाईननं तीन-चार वेळा धुवा. सलाईन गरमच हवं. ही गोष्ट सगळे सांगतात आणि घाईत सगळे विसरतात, बाटली टेबलावरची उचलतात आणि दुसऱ्या वॉशला अँटिबॉडी परत पेशीवर येऊन बसते. धुतलेल्या पेशींचं नवं सस्पेन्शन करून अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी आणि कंट्रोल लावा. कंट्रोल निगेटिव्ह आला तरच बाकीचं वाचायचं. अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी तिन्ही पॉझिटिव्ह आणि कंट्रोल लावलेलाच नाही असं असेल तर तो एबी पॉझिटिव्ह म्हणून कधीच सोडू नका, गुठळी खरी आहे का सगळ्याच ट्यूबमध्ये उगाच येतेय हे कळायला एक तरी निगेटिव्ह ट्यूब हवी ना.

गरम सलाईननं पण सुटलं नाही तर रेफरन्स लॅबमध्ये डीटीटी नावाचं रसायन वापरतात, त्यानं आयजीएमचे बंध तुटतात आणि पेशी मोकळ्या होतात. तुमच्याकडे बहुतेक त्याची गरज पडणार नाही.

रिव्हर्ससाठी सीरम आणि ए, बी, ओ सेल्स वेगवेगळे ३७ ला गरम करा, मग एकत्र करा, तासभर ३७ ला ठेवा आणि सेंट्रिफ्यूज न करता खाली बसलेल्या पेशी बघून वाचा. इथे एक काळजी घ्या, अँटी-बी पण मुळात आयजीएमच, ती ३७ ला थोडी ढिली पडते. तुमच्या केसमध्ये ती ४+ आहे म्हणून पुरून उरेल, पण एखाद्या म्हाताऱ्या पेशंटची आधीच २+ असेल तर गरम केल्यावर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. तेव्हा गरम करण्यापेक्षा ऑटो ॲड्सॉर्प्शन बरं, म्हणजे पेशंटच्याच धुतलेल्या पेशी त्याच्याच सीरममध्ये ४ अंशाला ठेवून कोल्ड अँटिबॉडी शोषून घ्यायची आणि उरलेल्या सीरमवर रिव्हर्स करायचं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर मात्र हे करायचं नाही, दुसऱ्याच्या पेशी पण त्यात असतात आणि कामाची अँटिबॉडी शोषली जाते.

अजून एक डोक्यात ठेवा, ए माणसात अँटी-बी हलकी पॉझिटिव्ह आली की ॲक्वायर्ड बी पण आठवायला हवा. आतड्याचा कॅन्सर किंवा आतड्यातल्या जंतूंचं इन्फेक्शन असेल तर जंतूंचं एन्झाइम ए अँटिजेनची साखर थोडी बदलतं आणि ती बीसारखी दिसायला लागते. तिथे ऑटो कंट्रोल निगेटिव्ह असतो, कारण माणसाची स्वतःची अँटी-बी त्या पेशींना हात लावत नाही. मावशींचा ऑटो पॉझिटिव्ह आहे म्हणून मी तिकडे जाणार नाही.

दरम्यान मावशी कोसळल्या आणि रक्त द्यावंच लागलं, तर ग्रुप ठरेपर्यंत ओ ग्रुपच्या पॅक्ड सेल्स, आरएच बघून, क्रॉसमॅच करून (पिशवीतल्या पेशी पेशंटच्या सीरमशी जुळवून). कार्डावरच्या ए वर नाही. आणि ऑर्थो सर आणि भूल देणाऱ्या मॅडम दोघांना आजच फोन करा, ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट गार पडू द्यायचा नाही हे त्यांना आधी कळायला हवं.

सिन्नरचा_मुलगा

मी लॅबवाला नाही, पेशंटचा नातेवाईक म्हणून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या वेळी असंच झालं होतं. कार्डावर बी होतं, ब्लड बँकेनं एबी सांगितलं, आम्ही अक्षरशः भांडलो त्यांच्याशी, चाळीस वर्षं बी आहे आणि तुम्ही आता बदलता म्हणून. शेवटी तिथल्या मॅडमनी बाहेर बोलवून ट्यूब दाखवली, एकीत मोठी गुठळी आणि एकीत अगदी रव्यासारखे कण, म्हणाल्या हा ए हलका आहे, ए२बी म्हणतात, स्लाईडवर दिसतच नाही. डोळ्यानं बघितल्यावर आमचा आवाज बंद झाला. ताई, त्या मुलाला पण ट्यूब दाखवा, काय चाललंय ते सांगा. आत काय चाललंय ते कळत नाही म्हणून माणूस काउंटरला येत राहतो.

जुना_टेक्निशियन

फार चांगलं लिहिलं दादा. तुमच्या आईसारख्या केसमध्ये आम्ही जे लेक्टिन (वनस्पतीतलं पेशी गोळा करणारं प्रथिन) वापरतो, अँटी-ए१, ते कशापासून काढतात माहितीये का, डॉलिकॉस बायफ्लोरस, म्हणजे आपले हुलगे! ज्याचं कुळथाचं पिठलं करतो ते. त्याचा अर्क ए१ पेशींना गोळा करतो, ए२ ला सोडून देतो. ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येक पोराला मी हे सांगायचो, एकदा ऐकलं की कोणी विसरत नाही. ए२ आणि ए२बीवाल्यांपैकी काहींच्या सीरममध्ये अँटी-ए१ पण तयार झालेली असते, मग रिव्हर्सला ए१ सेल्स पॉझिटिव्ह येतात आणि ओ सेल्स निगेटिव्ह. ओ निगेटिव्ह का पॉझिटिव्ह यावर किती वाटा फुटतात बघा, आणि बरेच जण पैसे वाचवायला रिव्हर्समध्ये ओ सेल्सच लावत नाहीत, याचा मला आजही राग येतो.

लॅबवाली_नाशिक

अपडेट देते, रात्रीचे साडेनऊ झालेत, ड्युटी संपली तरी थांबले होते.

मॅडमनी सांगितलं तसं नवीन सॅम्पल घेतलं, दुधाच्या थर्मासमध्ये गरम पाणी घालून वॉर्डमधून आणलं. रोलो नाही, सलाईन घातल्यावर पण गुठळ्या तशाच राहिल्या. सलाईनची बाटली वॉटर बाथमध्येच ठेवली आणि चार वेळा पेशी धुतल्या. चौथ्या वॉशनंतर तळाला बसलेलं पेशींचं बटण हलवलं तर पेशी धुरासारख्या सरळ वर उठल्या, सकाळी त्याच पेशी तळाला कपच्या सुटल्यासारख्या निघत होत्या. अँटी-ए ४+, अँटी-बी ०, अँटी-डी ४+, कंट्रोल ०. मायक्रोस्कोपखाली पण अँटी-बी स्वच्छ. ३७ ला रिव्हर्स, ए सेल्स ०, बी सेल्स ३+, ओ सेल्स ०. ऑटो ०. म्हणजे ए पॉझिटिव्ह, आणि आता मला माहितीये की तो ए का आहे.

सीबीसी पण सॅम्पल गरम करून परत चालवला, आरबीसी ३.६, एमसीव्ही ८७, एमसीएचसी ३३.२. सकाळचा रिपोर्ट मागे घेऊन सुधारून दिला, फिजिशियन सरांना सांगितलं.

नाळेचं रक्त नाही मिळालं आज. मुलाला सकाळची ट्यूब आणि आत्ताची ट्यूब शेजारी धरून दाखवल्या, थंडीत आईच्या पेशी एकमेकींना धरून बसतात एवढंच सांगितलं. तो म्हणाला ती थंडीत बोटं निळी पडतात म्हणायची, आम्ही लक्ष दिलं नाही. ते पण फिजिशियन सरांच्या कानावर घातलं. भुलेच्या मॅडमनी ऑपरेशन एक दिवस पुढे ढकललं.

आता शंका अशी की क्रॉसमॅच कसा लावू? रूम टेंपरेचरला लावला तर सगळ्या पिशव्या इनकॉम्पॅटिबल येणार ना?

ट्रान्सफ्युजन_मेडिसिन_डॉक्टर

शाब्बास, फार नीट केलंत. बोटं निळी पडतात हे फार महत्त्वाचं सांगितलं त्यानं. अँटिबॉडी थंडीपुरती आहे का अंगाच्या तापमानाजवळ पण काम करते हे आता बघायला हवं. हिमोग्लोबिन १०.४ आहे, फ्रॅक्चरमुळे असेल, पण पेशी फुटत नाहीत ना ते बघायला बिलिरुबिन, एलडीएच आणि रेटिक काउंट करून घ्या, आणि ईडीटीएवर डायरेक्ट कूम्ब्स (पेशीवर काही चिकटलंय का ते अँटिग्लोब्युलिन घालून बघणारी टेस्ट). त्यात सी३ (कॉम्प्लिमेंट नावाचं प्रथिन) पॉझिटिव्ह येण्याची शक्यता बरीच आहे.

हो, रूम टेंपरेचरला सगळ्याच पिशव्या इनकॉम्पॅटिबल दिसतील. सगळं आधी ३७ ला गरम करून, गरम सलाईननं धुवून, अँटिग्लोब्युलिन फेजला वाचा, आणि मिळालं तर पॉलीऐवजी (आयजीजी आणि सी३ दोन्ही पकडणाऱ्या रिएजंटऐवजी) फक्त अँटी-आयजीजी असलेलं रिएजंट वापरा म्हणजे पेशीवर चिकटलेला सी३ दिसत बसणार नाही. पण प्रीवॉर्मनं सगळं निगेटिव्ह केलं की काम झालं असं धरू नका, एखादी हलकी पण खरी अँटिबॉडी पण त्यात दडून जाते. मावशींना मुलं किती झाली ते विचारा, बाळंतपणातून पण अँटिबॉडी तयार होते. अँटिबॉडी स्क्रीन (ए-बी सोडून दुसरी अँटिबॉडी आहे का ते बघणारी टेस्ट) तुमच्याकडे होत नसेल तर सॅम्पल तुमच्या मदर ब्लड सेंटरला (जिथून तुमच्याकडे पिशव्या येतात तिथे) पाठवा, आजच्या सगळ्या ग्रेडिंगसकट, तोंडी निरोपावर नाही. त्यांना पण अडलं तर परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, आपल्या भागातली अवघड सॅम्पलं तिथे जातात.

बाळाची_आई_इंदिरानगर

वाचता वाचता घाबरले म्हणून विचारते, माझ्या बाळाचा जन्माच्या वेळी बी लिहिलाय पण खाली "रिव्हर्स केले नाही, नंतर खात्री करावी" असं आहे. काही प्रॉब्लेम आहे का?

जुना_टेक्निशियन

नाही ताई, घाबरू नका, उलट प्रामाणिकपणे लिहिलंय त्यांनी. बाळाच्या स्वतःच्या अँटी-ए, अँटी-बी तीन ते सहा महिन्यांनंतर तयार व्हायला लागतात, त्याआधी सीरममध्ये असतात त्या आईकडून आलेल्या, म्हणून रिव्हर्सला अर्थ नसतो. शिवाय लहानपणी पेशीवरचे अँटिजेन पण थोडे कमी असतात. वर्ष-दोन वर्षांनी एकदा ट्यूबवर दोन्ही बाजूंनी करून घ्या, आणि कार्ड तेव्हाचं जपून ठेवा.

लॅबवाली_नाशिक

चार बाळंतपणं झालीत मावशींची. सॅम्पल मदर सेंटरला गेलं सकाळी, थर्मासमध्येच, सगळ्या ग्रेडिंगचा कागद सोबत. स्क्रीन निगेटिव्ह आला, डायरेक्ट कूम्ब्समध्ये सी३ पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह. बिलिरुबिन नॉर्मल. दोन ए पॉझिटिव्ह पिशव्या ३७ ला कॉम्पॅटिबल आहेत, फ्रीजमध्ये नाव लावून ठेवल्यात, चढवायच्या झाल्या तर ब्लड वॉर्मरमधून. उद्या साडेआठला ऑपरेशन.

आणि खिडकीला काच बसली आज दुपारी.